पळून राह्यली

अन्याय झाला तो माझ्या वहिनीवर. कधी झाला तेही सांगते, कारण आमच्याकडे अन्याय नेहमी ‘मागे कधीतरी’ होतो आणि म्हणून तो कुणीच केलेला नसतो. हा झाला संक्रांतीनंतरच्या रविवारी, सकाळी, आमच्या जिल्ह्यातल्या एका तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, ट्रायथलॉनच्या शेवटच्या कमानीतली हवा सोडली त्या क्षणी. त्या क्षणी वहिनी रस्त्यावर पळत होती. घड्याळात वेळ शिल्लक होता. आणि माइकवरून जाहीर झालं होतं की ती राहिली.

तलावाचं नाव लिहीत नाही, आयोजकांचंही नाही. नाव लिहिलं की भांडण नावाचं होतं आणि झालेली गोष्ट बाजूला पडते. हे मी पत्रकं लिहून लिहून शिकले. आमच्या समुद्रपूरला एसटीची फेरी बंद झाली की पत्रक, दवाखान्यात डॉक्टर नसला की पत्रक. माझी निम्मी अक्कल त्यातूनच आलेली आहे, आणि निम्मी अक्कड पण.

वहिनीचं शिलाईचं दुकान म्हणजे आमच्या घराची समोरची खोली. मी तिला ‘तू’ म्हणते, ती मला ‘बाई’ आणि ‘तुमी’ म्हणते. नणंद असण्याचा तेवढाच फायदा मिळालाय, बाकी सगळं ऐकून घ्यावं लागतं. तिचा आवाज मशीनच्या वर चढतो. ‘तुमी जाड झाल्या, माह्या टेपले काऊन दोष देता’ असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगते, आणि गिऱ्हाईक तरी तिच्याकडेच परत येतं. तेव्हा गरीब बिचारी शिलाईवाली असं काही डोळ्यासमोर आणू नका. जिंकलेली गोष्ट ती गल्लीभर सांगते. हरलेलीही सांगते, फक्त त्यात चूक दुसऱ्याची असते.

तिच्याआधी पळाले ती मी. नागपूरला, पूर्ण मॅरेथॉन. हौस म्हणून नाही. पाठीवर मागणी लिहिलेलं कापड शिवून पळायचं, कुणीतरी फोटो काढेल, छापून येईल, असं आमच्या संघटनेत ठरलं होतं. कापड अर्थात वहिनीनंच शिवून दिलं. फोटो आला नाही. अर्धा रस्ता सरेपर्यंत अक्षरं घामानं फुगून वाचता येईनाशी झाली, आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. मी मागणी आहे हे मी विसरले. नुसती मी उरले, दुखणारे गुडघे उरले आणि पुढचा विजेचा खांब उरला. काही अंतर चालले, काही पळाले. शेवटी कमानीतून गेले तेव्हा एका मुलीनं गळ्यात पदक घातलं, ‘काँग्रॅच्युलेशन्स’ म्हणाली, आणि मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ओळख ना पाळख.

खरं होतं ते रडणं. पण डोळे पुसून मागे पाहिलं तर तीच मुलगी, तेच हसू, तसंच पदक, पुढच्याच्या गळ्यात. मला लगेच संशय आला. छातीत हे जे भरून आलं ते मी आणलं, की यांनी दिलं? ढोल यांचे, टाळ्या यांच्या, कमान यांची, ‘आपण करून दाखवलंत’ हे वाक्यही यांचंच. मी आणलं काय, तर गुडघे. रस्त्यावर उभं राहून पत्रकं वाटणाऱ्या माणसाला एक सवय लागते: सगळ्यांना सारखं काही वाटलं जात असेल तर हातात काय पडलं हे नंतर बघायचं, वाटणाऱ्याच्या तोंडाकडे आधी.

घरी आल्यावर वहिनीनं पदक हातात घेऊन, दातानं दाबून पाहिलं.

“अन् तुमी रडल्या म्हणता?”

“हो.”

“काऊन? पाय दुखून राह्यले होते म्हणून?”

“नाई वं. काहीतरी केलं असं वाटलं. मोठं.”

“किती वेळ वाटलं?”

मी विचार करून खरं सांगितलं. “बसमध्ये बसेपर्यंत.”

“मंग तं महागच पडलं,” ती म्हणाली आणि काज करायला लागली. पण पदक तिनं परत दिलं नाही. संध्याकाळपर्यंत ते मशीनच्या डब्यात, बॉबिन आणि खडूच्या शेजारी पडलं होतं. तिथंच हे सगळं सुरू झालं, असं मला आता वाटतं.

ट्रायथलॉनचं चित्र कुणाच्या तरी मोबाइलवरून तिच्या मोबाइलवर आलं. पोहा, सायकल चालवा, पळा. खाली ठळक अक्षरात ‘स्थानिक महिलांना प्रवेश मोफत’. मी म्हटलं, यात काहीतरी आहे. मोफत म्हणजे यांना गावाची परवानगी पाहिजे आणि नऊवारीतल्या दोन बायका फोटोत पाहिजेत.

“काढू दे नं फोटो,” वहिनी म्हणाली. “मी काय खराब दिसतो काय?” आमच्याकडे बायकाही ‘दिसतो’, ‘करतो’च म्हणतात.

मग आमचं भांडण लागलं ते आठवडाभर पुरलं. माझं म्हणणं, मॅरेथॉन ही साधी गोष्ट आहे. दोन पाय, एक रस्ता, लपवायला काही नाही. ट्रायथलॉन हा सामानाचा खेळ आहे. ज्याच्याकडे पोहायला तलाव, चालवायला हलकी सायकल आणि सकाळ मोकळी, त्याचा. तीन गोष्टी थोड्या थोड्या करून त्याला मोठं नाव द्यायचं. वहिनी पायानं मशीन मारत ऐकत होती.

“बाई, तुमची मॅरेथॉन म्हणजे चादरीची किनार. सरळ शिलाई, लांबच लांब, डोकं लावाचं काम नाई. हे म्हणजे ब्लाऊज हाय. कटिंग वेगळं, शिलाई वेगळी, अन् मंग हूक-काज. कटिंग कितीबी भारी करा, हूक नाई लावला तं कोणी घालते काय?”

“म्हणजे ते मोठं?”

“मोठं-लहान मले नाई समजत. शेवटी फिनिशर म्हणतेत नं त्यायले? फिनिशिंग तं मी रोज करतो.”

मी पुन्हा ‘मोफत’ या शब्दावर आले.

पोहणं तिला येत होतं. तिचं माहेर हिंगणीकडचं, लहानपणी म्हशींच्या शेपट्या धरून ती ओढ्याच्या डोहात पोहायला शिकली. पण समुद्रपुरात पोहायचं कुठं? तिच्या मामाच्या वावरात विहीर आहे, मोठ्या घेराची. कापूस वेचायला बायका जात तेव्हा ही सोबत जाऊन विहिरीत उतरायची आणि गोल गोल पोहायची. मामा काठावर बसून ओरडायचे, “अवं, चक्कर येऊन बुडशीन!” सायकल भाचीची, पुढं टोपली असलेली, शाळेतून मिळालेली. कपडे तिनं स्वतः शिवले. शाळेच्या पीटीच्या ड्रेसचं कापड उरलं होतं, मरून रंगाचं. त्याचा हात-पाय झाकणारा, अंगाला बसणारा एकसंध ड्रेस, मागे चेन. आरशासमोर उभं राहून म्हणाली, “पह्यले चेन तुमी लावान, नंतर कोण लावन?” मग चेन काढून बाजूला आणली. असा विचार ती करत होती, आणि मी तिकडे परवानगी कुणी दिली याचा शोध घेत फिरत होते.

त्या तलावावर एक पाटी आहे. ‘पोहण्यास सक्त मनाई’. गावातल्या पोरांना त्या पाटीवरून किती वेळा पळवून लावलंय हे गाव सांगेल. त्या रविवारी ती पाटी नव्हती. म्हणजे होती, पण तिच्यावर स्वागताचा फलक बांधलेला होता. मी फलकाचा कोपरा उचलून पाहिलं. खाली ‘मनाई’ तशीच होती. एक माणूस धावत आला. आयोजकांपैकी मुख्य तोच, माइकही त्याच्याच हातात. सगळे त्याला सर म्हणत होते. पुण्याकडचा, गोड बोलणारा.

“मॅडम, काही मदत?”

“ही पाटी उद्या परत लागणार का?”

“आज तर एन्जॉय करूया ना,” तो म्हणाला आणि कोपरा खाली सोडला.

लिहून ठेवा हे. त्याच्याबद्दलचा माझा संशय इथून सुरू होतो, वहिनीच्या आधी.

शिट्टी झाली, सगळे पाण्यात पडले. हलक्या सायकलीवाले सरळ रेषेत निघाले. वहिनी डावीकडे निघाली. मला वाटलं पाण्यात काही दिसलं असेल. होडीवाल्यानं ओरडून तिला परत रांगेत आणलं. थोडं सरळ पोहली आणि पुन्हा डावीकडे. विहिरीत गोल पोहून पोहून तिच्या अंगात विहीरच बसली होती. तलाव मोकळा आहे हे तिच्या हाताला पटतच नव्हतं. पाळीवर बसलेल्या बायका हसून लोळायला लागल्या. “अवं बाई, विहीर सरली, तलाव आला!” एक जण ओरडली. होडीवाला सारखा मध्ये येऊन तिला वळवत होता. त्यात तिचा वेळ गेला. सगळ्यांत शेवटी ती बाहेर आली.

पण बाहेर आली तेव्हाचा तिचा चेहरा मी पाहिलाय. केस चपटे, डोळे लाल, आणि तोंडभर हसू. नागपूरला कमानीखाली मला जे मिळालं होतं तेच तिला इथं, चिखलात, कुणी टाळी वाजवण्याआधी मिळालं होतं. फरक एवढाच की माझ्याकडे ते धरून रडायला वेळ होता, तिच्याकडे नव्हता. तिला बूट घालायचे होते. ट्रायथलॉनची ही गोष्ट मला तेव्हा कळली. एक गोष्ट पुरी झाल्याचा आनंद तोंडात येतो न येतो तोच पुढची सुरू होते, गिळायलाही सवड नाही. मॅरेथॉनमध्ये आनंद शेवटी एकदम हातात पडतो. इथं तो तीनदा दाखवतात आणि दोनदा काढून घेतात. तिसऱ्यांदा तरी मिळायला पाहिजे, एवढा सौदा असतो. तो सौदा त्यांनीच मांडलेला होता, आम्ही नाही.

“पाह्यलं नं?” ती बूट ओढत म्हणाली. “मनाईच्या पाण्यात पोहून आली!”

आणि टोपलीवाल्या सायकलवर बसून गेली.

सायकलवर तिनं दोघांना गाठलं म्हणे. म्हणे, कारण मी पाहिलं नाही, तिनंच सांगितलं, आणि तिचं सांगणं कसं असतं ते मी वर लिहिलंय. सायकल लावून ती पळायला निघाली तेव्हा बाकीचे बरेच जण पळून परत येत होते. पळायचं ते पाळीवरून डांबरी रस्त्याला, तिथून तुरीच्या वावरांमधून पुढच्या गावाच्या फाट्यापर्यंत, आणि परत. फाट्यावर वळायच्या जागी तिथल्या पानठेलेवाल्याला आयोजकांनी चमकणारं जॅकेट घालून उभं केलं होतं. कोण आलं, कोण वळलं, हे फोनवर कळवायचं, एवढंच त्याचं काम.

मी पाळीच्या टोकाला पाण्याची बाटली घेऊन उभी होते. कमान मागे, थोड्या अंतरावर. तिकडे बक्षिसं वाटून झाली, पाहुण्यांचं भाषण झालं, फोटो झाले. मग पोह्याची भांडी टेम्पोत चढताना दिसली. आणि मग माइकवर सरांचा आवाज आला:

“आपली शेवटची स्पर्धक राहिली आहे. तिच्या प्रयत्नांना सलाम. स्पर्धा संपली असं जाहीर करतो.”

मी बाटली हातात घेऊन पळाले. कमानीजवळ पोचले तेव्हा पंख्याचं बटण बंद झालेलं होतं. ती हवेची कमान असते, खालून पंखा हवा भरत असतो तोवरच उभी. आधी तिचा माथा वाकला, मग एक खांब गुडघ्यात दुमडला, आणि ती सगळी, तिच्यावरच्या जाहिरातींसकट, जमिनीवर बसली.

“वेळ आहे अजून!” मी ओरडले. “घड्याळ बघा!”

घड्याळ टेम्पोत चढवलं होतं. लाल आकडे उघड्या फाळक्यातून आमच्याकडे बघत चालूच होते. कुणी बंद करायचं विसरलं होतं.

“मॅडम, वेळेचा प्रश्न नाही,” सर म्हणाले. “त्या राहिल्या. वळणावरच्या माणसानं स्वतः सांगितलं.”

“काय सांगितलं? शब्द सांगा.”

“राहिली म्हणाला. दोनदा म्हणाला.”

“नुसतं राहिली? की पळून राह्यली?”

“तेच ना?” ते म्हणाले.

नाही. तेच नाही. जे या बाजूचे नाहीत त्यांच्यासाठी लिहिते. आमच्याकडे ‘पळून राह्यली’ म्हणजे पळते आहे. आत्ता, या घडीला, पाय उचलून, श्वास घेत. आमच्या ‘राह्यली’त थांबणं नाही, चालू असणं आहे. भात शिजून राह्यला, पाणी येऊन राह्यलं, पोरगी शिकून राह्यली. तिकडे ‘राहिली’ म्हणजे मागे उरली, सुटली, बाद. एकच शब्द, त्यांच्या तोंडी संपलेला, आमच्या तोंडी सुरू असलेला.

हे मी त्यांना तिथंच सांगायला लागले. माझं अर्धं वाक्य झालं असेल तोच पाळीवर मरून रंग दिसला.

ती वेगात नव्हती. पण पळत होती, हात कोपरात दुमडून, मान खाली, अगदी शिलाई मारल्यासारखी. उतारावरून खाली आली, मान वर केली, आणि कमान तिला दिसली नाही. माझ्या आयुष्यात मी पाहिलेला सगळ्यात वाईट चेहरा तो नाही. पण सगळ्यात गोंधळलेला तोच. ती म्हणाली, “कमान कुठं गेली?”

पळता पळताच तिनं एकदा मागे, एकदा पुढं पाहिलं.

“मी कुठून जाऊ?”

आणि ती थांबेना. पडलेल्या कमानीच्या कापडाभोवती पळतच राहिली. जिथं वेळ नोंदवणारी टायमिंगची चटई होती तिथं पिवळं पडलेलं गवत होतं, चटई गुंडाळून झाली होती. मी काठीनं मातीत रेघ मारली. “वहिनी, इथून ये! ही घे रेघ!”

“तुमची रेघ नाई पाह्यजे,” ती पळता पळता म्हणाली. “त्यायची पाह्यजे. त्यायनं बोलावलं, त्यायनं दाखवावी.”

सर म्हणाले, “ताई, थांबा, पाणी घ्या, प्लीज.”

“रेघ दाखवा, थांबतो!”

आता हे लिहिताना हसू येतं, तेव्हा कुणाला आलं नाही. पोह्याचं भांडं हातात धरून एक माणूस तसाच उभा होता. शेवटी तिला टेम्पोतलं घड्याळ दिसलं. ती सरळ टेम्पोकडे पळाली, फाळक्यावर एक पाय टाकून उभी राहिली, त्या लाल आकड्यांवर तळहात आपटला, आणि मग थांबली. मी मोबाइलवर फोटो काढला. तिच्या बोटांच्या मधून आकडे दिसतात. वेळ शिल्लक आहे.

“फोटो चालत नाही,” सर म्हणाले. “पायाला बांधलेली चिप चटईवरून गेली पाहिजे. सिस्टीम घेत नाही.”

परत जाताना फाट्यावर मी पानठेल्याशी थांबले. तो जॅकेट घालूनच पान लावत होता, परत न्यायला कुणी आलं नव्हतं.

“भाऊ, तुमी फोनवर काय सांगतलं?”

“काय सांगतलं म्हणजे? त्यायनं पुसलं, ते मरून कपड्यातली बाई राहिली का? म्या म्हटलं, हो जी, पळून राह्यली. तं म्हणे, राहिली? म्हटलं, हो, राह्यली, राह्यली! मंग फोनच ठेवला. माह्या डोळ्यापुढून गेली ते बाई. वरून फोन ठेवता ठेवता मलेच म्हणे, तंबाखूचा खर्रा कमी घोटत जा. काऊन, काही चुकलं काय?”

मी त्याला झालेलं सांगितलं. त्याचा चुना लावायचा हात थांबला.

“मंग आता मराठी पण त्यायलेच पुसून बोलाची काय?” तो म्हणाला. मग वहिनीला मसाला पान बांधून दिलं. “त्या बाईले द्या. म्हणा, फाट्यावर तं तुमी पुऱ्या पळाल्या.”

गैरसमज झाला, असं आयोजकांनी नंतर कळवलं. मी हा शब्द मानत नाही. गैरसमज असता तर एखाद्या वेळी आमच्या बाजूनंही झाला असता. त्या वाक्यात दोन शब्द होते, ‘पळून’ आणि ‘राह्यली’. दुसरा त्यांना दोनदा ऐकू आला, पहिला एकदाही नाही. कसं? ज्याला जेवायला जायचंय, ज्याचे पाहुणे गाडीत बसलेत, ज्याचे फोटो झालेत, त्याला वाक्याचं शेपूटच ऐकू येतं. वळणावर हलक्या सायकलीवाला कुणी उशिरा पळत असता तर यांनी ‘राहिला म्हणजे काय, नीट सांगा’ असं विचारलं नसतं का? मला वाटतं विचारलं असतं. माझ्याकडे पुरावा नाही. संशय आहे, आणि तो मी सोडणार नाही.

निकाल मोबाइलवर आला. तिच्या क्रमांकासमोर डीएनएफ. पुरी केली नाही, असं त्याचं मराठी. काही दिवसांनी कुरिअरनं पदकही आलं. मागे ‘सहभाग’ असं कोरलेलं. वहिनीनं ते टेपनं मोजलं, खरंच मोजलं, आणि पुन्हा डबीत घातलं.

“हे माह्या मापाचं नाई. परत पाठवा.”

मी माझं नागपूरचं पदक तिच्यापुढं ठेवलं. मनापासून ठेवलं.

“बाई, उतरलेले कपडे मी ऑल्टर करून देतो. घालत नाई.”

मग आले समाधानवाले. शर्यतीत पळालेले दोघे-तिघे ओळखीचे, एक शिक्षक, एक बँकेतले. सगळ्यांचं एकच. तिला माहीत आहे ना तिनं पूर्ण केलं, मग झालं. खरं यश मनात असतं. पदकाचं काय एवढं! मी त्या प्रत्येकाच्या घरी गेलेली आहे. प्रत्येकाच्या बैठकीत पदक टांगलेलं आहे, दारातून आत गेल्यावर पहिलं तेच दिसेल असं. मनातलं समाधान ही अशी वस्तू आहे जी लोक नेहमी दुसऱ्याला सुचवतात.

आणि तरी, इमानानं सांगते, प्रश्न मला सोडत नाही. नागपूरला मला सगळं मिळालं, कमान, पदक, खांदा, आणि त्याचा आनंद बसपर्यंत टिकला. तिला काहीच मिळालं नाही आणि ती त्या सकाळबद्दल अजून बोलते. मी तिला विचारलं, पुरं केल्यासारखं वाटतं का. तिनं दोरा दातानं तोडला.

“पोहलं ते माहं. सायकल माही. पळली ते पण माहं. तिन्ही झाल्यासारखं वाटते, अन् एकही झाल्यासारखं नाई वाटत. ब्लाऊज शिवून तयार हाय बाई, हूकच नाई.”

मी पत्रक लिहिलं. तेच मला येतं. ‘अन्यायग्रस्त स्थानिक महिलेस न्याय द्या’, खाली प्रश्न, खाली निषेध. छापायच्या आधी तिला वाचून दाखवलं. तिनं मशीन बंद केलं, ती कधी करत नाही.

“यात मी कुठं हाय?”

“ही काय. अन्यायग्रस्त महिला.”

“मी नाई अन्यायग्रस्त. मी फिनिशर आहो. ते लिवा.” मग मशीन परत सुरू करत, “यात तं नुसत्या तुमीच ओरडून राह्यल्या.”

पत्रक छापलं नाही. त्याऐवजी हे लिहितेय, आणि तिनं सांगितलेलं लिहितेय: माझी वहिनी फिनिशर आहे.

आता पुन्हा एक चित्र मोबाइलवर फिरतंय. तोच तलाव, तेच आयोजक, पुन्हा मोफत. ‘पोहण्यास सक्त मनाई’ची पाटी मधल्या काळात परत लागली होतीच. वहिनीनं नाव दिलंय. मामाच्या विहिरीत आता ती उलटी, उजवीकडून गोल पोहते, म्हणजे हिशेब बरोबर होईल म्हणते. मी म्हटलं, ते यावेळी पण तेच करतील. ती म्हणाली, “मंग तुमी कायले आहा?”

पण मी एकटी पुरणार नाही. मी पाळीवर असेन तर कमानीजवळ नसेन, कमानीजवळ असेन तर फाट्यावर नसेन. म्हणून तुम्हाला सांगते. विनंती नाही करत. तुमच्या गावात, तुमच्या शहरात अशी कमान उभी राहील. तुमचं पदक तुमच्या गळ्यात असेल, फोटो झाले असतील, भूक लागली असेल. तेव्हा घरी जाऊ नका. पंख्याच्या बटणाशी जा आणि तिथल्या माणसाला विचारा, रस्त्यावर कोण आहे. तो ‘राहिली’ म्हणाला तर विचारा, तुमची राहिली की आमची राह्यली? आणि त्याचं उत्तर येईपर्यंत त्याचा हात धरून ठेवा.